देव्हाऱ्यातल्या दोन बाटल्या

(लालबागची चाळ. मीराबाई आणि कुशाबांच्या खोलीत अग्निशमन दलाच्या अधिकारी मृणालिनी आल्या आहेत.)

मीराबाई : हात लावायचा नाही हां मॅडम! काशीचं पाणी आहे ते. माझ्या आईनं आणलेलं.

मृणालिनी : दोन्ही बाटल्यांत, आजी?

मीराबाई : दोन्ही. चाळीस वर्षं देवाजवळ आहेत. लाखेचं सील माणूस जातानाच फोडायचं.

कुशाबा : एकीत गंगा, गो. दुसरीत मिलमधलं अ‍ॅसिड.

मीराबाई : काय?

कुशाबा : रंगखात्यात होतो ना. पितळेचे डाग काढायला आणलेलं. सांडू नये म्हणून मीच लाख लावली, गंगेच्या बाटलीला लावली तीच. तू दोन्ही देव्हाऱ्यात नेऊन ठेवल्यास.

मीराबाई : आणि तुम्ही मूग गिळून बसलात!

कुशाबा : रोज हळदकुंकू वाहत होतीस. देवाजवळ अ‍ॅसिड आहे म्हटल्यावर मला घरात घेतलं असतंस?

मृणालिनी : थांबा दोघं. काय आहे ते कळलं नाही, तर नियमानं मला दोन्ही न्याव्या लागतील.

मीराबाई : गंगापण?

मृणालिनी : कळेल हो. हे यंत्र बाटलीला टेकवायचं. लेझर काचेतून आत जातो, आतून परतणाऱ्या उजेडावरून पदार्थ ओळखता येतो. सील फोडायला नको.

मीराबाई : पाणी बाटणार नाही ना?

मृणालिनी : निरांजनाच्या उजेडानं बाटतं का?

कुशाबा : आणि चुकलं तर?

मृणालिनी : माझगावच्या गोदीत प्लास्टिकची बंद पिंपं ओळखते मी यानं. तांब्याचा गडू असता तर हात टेकले असते. ही काच आहे. बघा, पहिली... अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. जहाल आहे. घोटभर गेलं तरी घसा जळेल. आता दुसरी... पाणी.

कुशाबा : गंगेचं?

मृणालिनी : ते यंत्राला नाही कळत, आजोबा. पाणीच आहे, हे छातीठोक सांगते. पुढचं आजींच्या आईवर सोडा. ही पहिली मी नेते.

मीराबाई : अहो... गेल्या महिन्यात तुमच्या छातीत कळ आली, तेव्हा मी हीच उचलली होती.

कुशाबा : दिसत होतं मला.

मीराबाई : वाचा बसली होती तुमची, पण माझं मनगट सोडेनात. किती रडले मी! म्हटलं, पन्नास वर्षं संसार केला आणि शेवटचं पाणीसुद्धा यांना माझ्या हातचं नको.

कुशाबा : तुझ्याच हातचं हवं, गो. म्हणून तर मॅडमना फोन केला.