तेलाच्या डब्यातलं बारमाही माळवं

अन् वरून मलाच म्हणतात, तुलाच झाडाची हौस लई! हौस? तुमाला सांगते, मला हौस एकच होती, एक हिवाळा आपल्या घरात बसून काढायचा. झाड नंतर आलं. बारमाही म्हणं! बारमाही म्हणजे काय ते मला इचारा...

आमचा प्रविण फौजेत हाय, काश्मीरकडं. तिकडून सुट्टीला येताना लोकांची पोरं शाली आणतात, अक्रोड आणतात, ह्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून दोन काड्या आणल्या. म्हणला, आई, हा कोबीचाच भाऊ हाय, पण ह्याला गड्डा धरत न्हाई, पानंच खायची, खालची तोडत जायची, वरून नवी येत जातात, दरसाल लावायची कटकट न्हाई, बारमाही हाय. मी म्हणलं, गड्डा न धरणारा कोबी म्हणजे दूध न देणारी म्हैस की रे. तर हसला अन् म्हणला, "आई, ह्याला रोज पाणी लागतंय. आता कोयता बंद. झाडाकडं बघत घरी बसायचं."

आता तुमी गावाबाहेरचे असाल तर कोयता म्हणजे काय ते सांगते. आमच्या युसूफ वडगावच्या शिवारात दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात. सगळे ऊस तोडायला खाली, सांगली-कोल्हापूरकडं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या नवऱ्याला मुकादम इचारत न्हाई, तो अर्धाच! म्हणजे मी घरी बसले की मालक बी घरी बसले. पोरानं डोकं बरूबर चालवलं होतं.

अन् मला कशासाठी बसायचं होतं? येळवशीसाठी. मार्गशीर्षातली आवस. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पांडव पुजायचे, सतरा पाल्यांची भज्जी रांधायची, अंबील प्यायची. लग्न झाल्यापासून आपल्या रानातली एक येळवस मला घावली न्हाई, सांगा कुणाला! दरसाली मागं राहिलेल्या म्हाताऱ्या सांगणार, अंबील अशी झाली अन् भज्जी तशी झाली, अन् मी चैतात ऐकून घेणार.

तर लावल्या काड्या, परसात न्हाणीच्या पाण्यावर. एक गेली, एक धरली. उन्हाळ्यात पानं माना टाकायला लागली, म्हणून चार काठ्या रोवून वर माझं लुगडं बांधलं. चांगलं लुगडं बरं का! झाड सावलीत, मी उन्हात. मावा पडला तर चुलीतली राख. रोज सकाळी आधी झाडाचं तोंड बघायचं अन् मग माणसाचं. शेजारची छबुबाई भिंतीवरून मान काढून रोज इचारायची, "मंगल, गड्डा कधी धरणार गं?" मी सांगायची, मावशे, ह्याला गड्डा नसतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान वर. पुन्हा गड्डा! बारमाही झाड अन् बारमाही छबुबाई.

रांधायचं तर त्याहून बेकार. पयल्यांदा पालकासारखी शिजवली, तर ही शिजतीय कशाला! जाड पान, मधी बोटाएवढा दांडा. मालक एक घास चावत बसले, चावत बसले, अन् म्हणले, "जनावराला ठेवलीस का?" मग मी दांडा काढून टाकला, पानांची वळकटी केली, तंबाखूसारखी बारीक चिरली, ठेचलेला लसूण अन् हिरवी मिरची करपू द्यायची न्हाई अशी तेलात टाकली, वरून भिजलेली तुरीची डाळ, झाकणावर पाणी, शेवटी शेंगदाण्याचं कूट. झाली की! भाकरीसंगं मालकांनी तीनदा घेतली अन् एकदा बी चांगली म्हणले न्हाईत. फोनवर प्रविण म्हणला, थंडी पडू दे आई, थंडीत ही गोड होते. मी मनात म्हणलं, बस, येळवशीच्या भज्जीत हीच जाणार.

अन् दसऱ्याच्या आधी बंकट आला. बंकट म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. वट्यावर बसला, चहा प्याला, आभाळाकडं बघत म्हणला, एक कोयता कमी पडतोय. झालं! मालकांचे हात खाजायला लागले. पोरगं पगार धाडतंय, घरात दाणे हायेत, पण सगळा गाव निघालाय अन् आपण मागं कसं राहायचं? पारावर म्हातारे अन् कुत्री राहतात, त्यांच्यात बसू का, म्हणले. मला न इचारता शब्द देऊन बसले. पाव्हण्याला न्हाई कसं म्हणावं!

मी भांडले. तुमाला सांगते, असं भांडले की छबुबाईनं त्या दिवशी गड्डा बी इचारला न्हाई. शेवटी म्हणलं, "मी झाड सोडून येणार न्हाई. ऐकलं का? झाड सोडून येणार न्हाई!" मालक उठले अन् परसात जाऊन झाडाभोवती एक फेरी मारून आले. मला वाटलं, जिंकले.

ट्रॅक्टर निघायच्या दिवशी मी बिनघोर भाकरी थापत होते. परसात खणल्याचा आवाज आला. बघते तर मालकांनी गोडेतेलाचा डबा कापून, बुडाला भोकं पाडून, मातीसकट झाड त्याच्यात उभं केलंय, अन् डोक्यावर घेऊन असे येतात जसं लग्नातलं रुखवतच. ट्रॉलीत सरपणाच्या अन् कोंबड्यांच्या मधी ठेवलं, खाली पोतं घातलं हालू नये म्हणून. माझ्याकडं बघून म्हणले, "घे. तुझं झाड बी आलं. आता चल."

आता ह्या माणसाला काय म्हणावं? खोट न्हाई हो मनात. रातभर इचार केला असंल, बायको झाड सोडून येत न्हाई तर झाड घेऊन जाऊ. चेहऱ्यावर आनंद मावंना! माझं भांडण ह्या माणसानं डब्यात भरलं अन् ट्रॉलीत चढवलं. मी बी चढले. काय करता?

तिकडं टोळीच्या तळावर आमच्या कोपीपुढं डबा. मरंल वाटलं होतं, तर मरतंय कशाला! कॅनॉलचं पाणी, उसाची सावली, असं माजलं की बस. मी पहाटं उठून उसाच्या फडात, दिवसभर मोळ्या डोक्यावर, परत आले की आधी त्याला पाणी. बारमाही म्हणं! सगळा तळ पानं मागायला माझ्या दारात. व्हिडिओ कॉलवर मालक फोन झाडाच्या इतका जवळ धरायचे की पोराला पानाबिगर काही दिसू नये. एका दिवशी प्रविण म्हणला, अंगणात उसाचं वाढं, ही हिरवी शेंडी, कुठून आलं? मालक म्हणले, जनावराला आणलंय. मी फोन घेतला. म्हणलं, "लेकरा, तुझा बाप झाड घेऊन उसात आलाय. मी झाडासंगं आले." प्रविण बापाला दोन शब्द बोलला. अन् मग म्हणतो, "आई, त्याला दुपारचं उन्हात ठेवू नको." मी म्हणलं, अन् दुपारची मी कुठं असते रे?

येळवस आली. सुट्टी कसली, दुपारपर्यंत फडातच. पर थंडी पडली होती अन् पानं खरंच गोड झालती. सगळी तोडली. कुणी हरभऱ्याचा पाला आणला, कुणी वाटाणा, एकीनं ताक मागून आणलं. मोठ्या पातेल्यात भज्जी केली, सगळ्या कोप्यांना वाढली. बंकट दोनदा वाटी घेऊन आला. मालक शेजारी बसून जेवले अन् हळूच म्हणले, "झाली की गं तुझी येळवस." झाली. कोप होती, भज्जी होती, अंबील होती. रान तेवढं दुसऱ्याचं.

निघताना डबा उचलायला गेले तर उचलंना. मुळ्या बुडाच्या भोकांतून खाली गेलत्या. दोघांनी वडला तरी हालला न्हाई. ह्या झाडानं त्या तळावर घर केलं, मला माझ्या घरी बसता आलं न्हाई! शेवटी कोयत्यानं एक कांडी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आणून परसात लावली. मोसमातली शेवटची कांडी.

धरली. आता गुडघ्याएवढी झालीय, छबुबाई गड्डा इचारतीय, अन् म्या ठरवलंय, यंदा काही झालं तरी उसाला जायचं न्हाई.

काल बंकट आला. वट्यावर बसला न्हाई, चहा मागितला न्हाई, कोयत्याचं तर नावच न्हाई. हातात गोडेतेलाचा रिकामा डबा. घासूनपुसून आणलेला, बुडाला भोकं बी पाडलेली. म्हणला, "वैनी, गेल्या साली लहान पडला हुता. यंदा मोठा बघून आणलाय."

ठेवून घेतला. मालकाला म्हणलं, भोकं लई मोठी पाडलीत त्यानं, खाली खापरं घाला, न्हाईतर पुन्हा मुळ्या बाहेर जातील.