सरांचं बिनवाक्याचं काम

मंडळी, मला बोलायला सांगितलंय खरं. पण जगताप सरांपुढे मी कधी धड बोललो नाही, आणि आज त्यांच्या फोटोपुढे तर जीभच उचलत नाही. तरी तुम्ही साताऱ्याहून, पार पाटणहून सांगलीला आलात. तेव्हा जमेल तसं सांगतो.

तुम्ही सरांना नाटकात कोणत्या कामांत पाहिलंय? हवालदार, सासरा, मामलेदार, गावचा डॉक्टर. नायक कधीच नाही. वाक्यं चार, पण लोक घरी जाताना सरांबद्दलच बोलायचे. पुढे ते दिग्दर्शक झाले, आमचे मास्तर झाले आणि आमचे हाल सुरू झाले. नव्या पोराला वर्षभर वाक्यच द्यायचे नाहीत. तालमीत उभं राहायचं आणि समोरच्याचं ऐकायचं. बस्स. मी एकदा वैतागून विचारलं, सर, मी काय खांब आहे का? म्हणाले, "खांब बरा. तो मध्येच प्रेक्षकांकडं बघत नाही."

गेल्या महिन्यात आजारपणात सरांची वाचा गेली. त्यांनीच बसवलेल्या नाटकाचा पहिला प्रयोग येत्या रविवारी आहे. मुख्य काम पाटणच्या सुवर्णाचं, तेही पहिलंच. तिनं हायच खाल्ली. सर नसतील तर मी उभीच राहणार नाही, म्हणाली. शेवटी सरांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, निरोप धाडला, तिला घरी घेऊन या.

सरांच्या खाटेपाशी तिनं शेवटचा प्रवेश केला. त्यात तिच्यापुढे म्हातारा बाप बसलेला असतो. त्याला एकही वाक्य नाही. त्या जागी सर. तिच्यावरून त्यांची नजर हलली नाही. एका वाक्याला हसले, एका वाक्याला हनुवटी थरथरली. मंडळी, सरांची सगळी कामं मी पाहिलीत. एवढं चांगलं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. मला रडू आवरलं नाही. बाहेर आल्यावर सुवर्णा म्हणाली, "आवं दादा, आता समोर कुणीबी बसू दे. मी हुबी ऱ्हाते."

परवा सर गेले. प्रयोग रविवारीच होणार. बापाचं काम माझ्याकडे आलंय, आणि वाक्य नाही म्हणून मी लय घाबरलोय.

आता दोन मिनिटं सगळे उभे राहू या. पण सरांच्या तालमीत राहायचो तसे. घड्याळ बघू नका, मानही खाली घालू नका. मान खाली गेली की ऐकणं संपलं, असं ते म्हणायचे. फोटोकडे बघा.

आता पाळी सरांची आहे. ऐका.