एल आल्तोची उतरण

ओर्तेन्सिया : …तेच म्हणतेय मी, पाठीवरची झोळी खाली ठेव.

मारिसेल : ठेवता येत नाही, बाई. नळी जोडलेली आहे. मी पायी निघालेय. पायी जाणाऱ्यांना सोडता ना तुम्ही?

ओर्तेन्सिया : माणसांना सोडतो, टाक्यांना नाही. फाकुन्दामावशी, इकडे या जरा. आपण रस्ते अडवल्यापासून खाली शहरात नऊ दिवस गॅस नाही, आणि ही बया टाकी पाठीला बांधून विकायला चाललीय.

मारिसेल : गॅस नाही हो, ऑक्सिजन आहे. माझ्या बाळाचा. हे काय, छातीशी आहे माझ्या.

ओर्तेन्सिया : बाळ कालही होतं, एका माणसाकडे. शालीत गुंडाळलेलं, लोकरीची टोपी घातलेलं. टोपी काढली तर खाली गॅसच्या टाकीची पितळी तोटी.

फाकुन्दा : कुठली गं तू पोरी?

मारिसेल : इथलीच. विमानतळामागच्या वस्तीतली. मावशी, माझा नवराही तुमच्यासारखाच रस्ता अडवून बसलाय, ओरुरोच्या रस्त्याला. चार दिवस घरी आला नाही. हजेरी चुकली तर संघटनावाले त्याची मिनीबस लाइनीतून काढतील.

फाकुन्दा : मग रोपवेच्या पाळण्यात बसायचं होतंस. दहा मिनिटांत खाली.

मारिसेल : तिथूनच आले. विजा कडाडताहेत म्हणून पाळणे थांबवलेत. कधी सुरू होतील, कुणी सांगत नाही. टाक्या भरून आणणारी गाडी तुमच्या दगडांपलीकडे अडकलीय. तिसऱ्या नाक्याखाली माझा भाऊ टॅक्सी घेऊन उभा आहे, तो आम्हाला इस्पितळात नेईल. काटा लाल पट्टीत आलाय, मावशी. पाऊण तास पुरेल, फार तर.

ओर्तेन्सिया : काटा, पट्टी. कॉलेजात शिकलेली दिसते. गोष्ट बेतून आणलीय छान.

फाकुन्दा : केवढं आहे?

मारिसेल : सात आठवड्यांचा. दिवस भरायच्या आधीच झाला. एवढ्या उंचीवर त्याला हवा पुरत नाही, म्हणून दवाखान्यातून टाकीसकट घरी पाठवलाय.

ओर्तेन्सिया : आमची नाही झाली या उंचीवर? पाच आहेत मला. एकाच्या तरी नाकात नळी होती का?

फाकुन्दा : मला सात झाली. चार राहिली. तू गप्प बस.

मारिसेल : जाऊ मी?

फाकुन्दा : थांब. तुला सोडलं आणि टाकी गॅसची निघाली, तर सभेत सगळ्यांसमोर मला उभं करतील. ती तोटी सोड जराशी, वास घेते.

मारिसेल : तोटीला हात लावू नका. वाया जाईल. मी… नळीचं टोक देते तुम्हाला. त्याच्या नाकातून काढून. पण लगेच परत द्या. लगेच म्हणजे लगेच, मावशी.

(ती बाळाच्या गालावरची पट्टी सोडवते आणि नळी फाकुन्दाच्या नाकाशी धरते.)

फाकुन्दा : वास नाही. नुसती गार हवा.

ओर्तेन्सिया : बघू, मलाही बघू दे.

मारिसेल : नको, बाई. सोडा. सोडा ना.

फाकुन्दा : सोड ती नळी, ओर्तेन्सिया. त्याचे ओठ बघ. बघ म्हणते ना.

ओर्तेन्सिया : …जांभळे पडतायत.

मारिसेल : पट्टी चिकटत नाही. मावशी, डोकं धरा त्याचं.

फाकुन्दा : धरलंय. तू नळी बसव. घे रे राजा, घे श्वास.

ओर्तेन्सिया : घेतोय का? अगं, घेतोय का?

मारिसेल : घेतोय.

ओर्तेन्सिया : कालचा माणूससुद्धा रडत होता गं. अगदी असाच.

मारिसेल : पुढे अजून दोन नाके आहेत. तिथेही हुंगायला मागतील. त्याला नाही सोसायचं हे पुन्हा.

फाकुन्दा : ओर्तेन्सिया, हे माझं हजेरीचं कार्ड धर. शिक्का मारायला आले, तर सांग, खाली गेलीय.

ओर्तेन्सिया : नसलात तर शिक्का पडत नाही, मावशी. बाजारातली तुमची जागा जाईल.

फाकुन्दा : कोपऱ्यावर बसेन. बटाट्याला कुठे छप्पर लागतं? पोरी, टाकी दे माझ्या पाठीवर. सावकाश. तू फक्त त्याला सांभाळ.

मारिसेल : पुढच्या नाक्यावर तुमचं ऐकतील?

फाकुन्दा : पुढच्यावर माझी बहीण आहे. ओरडेल, पण सोडेल.

मारिसेल : आणि त्याच्या पुढच्यावर?

फाकुन्दा : तिथे कोण बसलंय, मला ठाऊक नाही.

मारिसेल : मग काय करायचं?

फाकुन्दा : आता नको विचारूस. माझ्या अगदी जवळून चाल. नळी हातभरच आहे.