ताईचं आतडं आणि आमचे उंदीर

...आणि ही म्हणे प्रयोगशाळा! अहो, प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र हवा, दाराला बोटाचा ठसा, उंदराचं तोंड पाहायचं तर पडद्यावर! तुम्हाला सांगतो, आमच्या जुन्या खोलीत खिडकीची काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला... पण तेव्हा उंदराला विचारणारं कोणी होतं!

आतड्याच्या जुनाट सुजेवर औषध शोधत होतो आम्ही तिघं. बाई आमच्या प्रमुख. काका माझे सहकारी, विद्वान गृहस्थ, परंतु काळीज आईचं. आणि चौथी, घरबसल्या, माझी ताई! तीच सूज तिच्या आतड्यात. डॉक्टरांनी बजावलेलं, ही अशीच धुमसत राहिली तर पुढे कर्करोगाचं भय. मोठं आतडं वेळेत काढलेलं बरं. ताई त्यांनाच दरडावते, "माझा भाऊ औषध करतोय, थांबा!" आणि रोज संध्याकाळी मला फोन, "काय रे, उंदीर कसे आहेत?" "सुधारतायत गं." "मेले भाग्याचे! आणि मी?"

झालं काय, आजारी उंदरांचे दोन गट. एकाला औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी. थंडी पडली. काका कळवळले, "अरे, बिचारे वेगवेगळे कुडकुडतायत!" आणि दोन्ही गट एका पिंजऱ्यात! आता उंदीर काय करतो? एकमेकांच्या लेंड्या खातो हो! औषधाचा गुण इकडून तिकडे... औषधवाले बरे, पाणीवालेही बरे! मग औषधाने केलं काय? बाई कडाडल्या, "काका, हे संशोधन आहे, पाहुणचार नव्हे!" काका शांतपणे, "पण बाई, बघा तरी, कसे गुटगुटीत झालेत!" प्रयोग पुन्हा पहिल्यापासून, वर्ष पाण्यात... तरी सांगतो, तेव्हा उंदराला विचारणारं कोणी होतं!

त्याच वर्षी तपासणीत ताईच्या आतड्यातल्या पेशी बिघडू लागलेल्या दिसल्या. डॉक्टर थांबेनात. आतडं काढलं. वाचली हो, ठणठणीत आहे. पोटाला पिशवी लावून अख्ख्या घराला धारेवर धरते. आणि परवा, इतक्या वर्षांनी, आमच्या औषधाला माणसांवरच्या चाचणीची परवानगी मिळाली! काका असते तर पिंजऱ्यापिंजऱ्याला जाऊन सांगून आले असते... मी फोन केला, "ताई, आलं गं औषध!" तर म्हणते, "आण की एक बाटली. दर्शनी फळीवर ठेवते. भावाने केलंय म्हणून आल्यागेल्याला दाखवायला होईल."

आता तुम्हीच सांगा... या अशा गिऱ्हाइकासाठी मी उभी हयात उंदरांच्या लेंड्या हुंगल्या!