दोन्ही पाय टेकणारी सायकल

दिनांक ११/०२/२०२५, वेळ दुपारी ४.१०

मी, श्रीमती अक्काताई अण्णासो मगदूम, वय ६७ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., व्यवसाय सेवानिवृत्त भूकरमापक (आधी लिहिलेला 'घरकाम' हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला आहे), राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी मुलगा अभिनंदन व सून आदिती यांच्यासह राहते. माझे पती गेल्या वर्षी जानेवारीत वारले. तोपर्यंत मी रोज सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जात असे. त्यानंतर मुलगा मोकळा असेल तेव्हा गाडीतून नेतो. वर्षभरात मी एकोणीस वेळा गेले. गुडघ्यामुळे मला लांब चालवत नाही. सायकलला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

माझी उंची चार फूट सात इंच आहे. लहानपणी मी भावाच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत असे. सीटवर कधी बसले नाही, कारण पाय पुरत नव्हते.

दि. ३ रोजी सकाळी घरी भिंतीला टेकून मी पायाची आतली लांबी टेपने मोजली. ती पंचवीस इंच भरली. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे यासाठी कोणाची मदत घेतली नाही. अकरा वाजता मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिराजी लोहार यांच्या दुकानात गेले. ते जुन्या सायकली दुरुस्त करून विकतात. त्यांनी दाखवलेल्या दोन सायकली मला उंच झाल्या. तेव्हा मागच्या बाजूला एक हिरवी, बिनदांडीची, ठेंगण्या फ्रेमची जुनी लेडीज सायकल मला दिसली. ती मागितली असता पिराजी म्हणाले, "ती कुणालाबी द्यायची न्हाय काकू. मालकिणीची अट हाय. उंच माणसाला इकायची न्हाय." मालकीण चिमणाबाई या हुपरीच्या निवृत्त नर्स असून बाळंतपणांना त्या याच सायकलवरून जात, असे त्यांनी सांगितले. अटीमुळे सायकल आठ महिने दुकानात पडून होती.

पिराजींनी माझ्यासमोर चिमणाबाईंना फोन लावून दिला. त्यांनी माझे नाव विचारले नाही. उंची विचारली. ती सांगितल्यावर म्हणाल्या, "मग बसा वर. पाय टेकल्यात का?"

टेकले, असे मी सांगितले.

"दोन्ही? का एकच टेकलाय आन् दुसरा लोंबतोय?"

"दोन्ही."

"मग न्या की! इतकं दिस कुठं हुतासा?"

मी पिराजींना किंमत विचारली.

सायकल अठराशे रुपयांना घेतली. पावती सादर केली आहे. पिराजींनी सीटच्या नळीवर माझ्या उंचीची लाल खूण केली. दि. ४ ते १० मी रोज बस्तीला सायकलने गेले. सात वेळा. पडले नाही.

काल सायंकाळी मुलगा म्हणाला, "लोक मला विचाराय लागल्यात, दारात गाडी असून आईला सायकलवर का फिरवतोस म्हणून."

मी म्हणाले, "तू फिरवत नाहीस. मी फिरते."

तो म्हणाला, "कागद न्हाईत त्या सायकलीला. चोरीचीच असणार. त्यानं फसवलंय तुला. वय झालंय तुझं, कळत न्हाय."

मी म्हणाले, "मग तसं लिहून दे."

आज सकाळी त्याने तसा अर्ज ठाण्यात दिला. तो मला दाखवण्यात आला. अक्षर त्याचेच आहे. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत.

त्या अर्जावरून सकाळी दहापासून पिराजींना बाकावर बसवून ठेवले असून सायकल आवारात ठेवली आहे. पिराजींनी मला फसवलेले नाही. साहेबांनी माझ्यासमोर चिमणाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "चोरीची कशानं सायब? तीस वर्सं माझ्या पायाखाली हुती." तरी पिराजींना आत्ताच घरी सोडावे.

साहेब मला म्हणाले, "मावशी, पोरानं काळजीपोटी केलं असंल की." त्यावर माझे म्हणणे असे, की अर्जात काळजी लिहिलेली नाही. 'कळत नाही' असे लिहिले आहे. मला कळते.

मुलाविरुद्ध माझी तक्रार नाही. तो गाडी घेऊन बाहेर थांबला आहे, असे समजले. त्याने थांबू नये. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही, म्हणून मला वेळेत घरी पोचायचे आहे. आवारात सायकल चालवून पाहणाऱ्या हवालदारांनी सीट चार बोटे वर केली आहे. ती लाल खुणेपर्यंत खाली करून द्यावी.

हा जबाब मला वाचून दाखवण्यास सुरुवात झाली होती. मी तो हातात घेऊन स्वतः वाचला. 'वयोवृद्ध' हा शब्द दोन ठिकाणी होता, तो काढायला लावला. उरलेले सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही/-
अक्काताई अण्णासो मगदूम

ताबा पावती : सायकल मिळाली. पिराजी लोहार माझ्यासमोर घरी गेले. सीट खुणेवर आहे. बसून पाहिले. दोन्ही पाय टेकतात. वेळ ५.२५.

सही/-
अ. अ. मगदूम