बाबा वॉल्ट्झ पाहायला आले

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण दहा वर्षांची असताना मी नागपुरात वॉल्ट्झ शिकले आहे. अजनीच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी डोरिस मिस राहायच्या. दर शनिवारी संध्याकाळी त्या पोरांना हॉलमध्ये जमवून, ग्रामोफोन लावून जोडीचा नाच शिकवायच्या. मुलगा पाऊल पुढे टाकणार, मुलगी मागे.

कोणीतरी बाबांच्या कानावर घातलं, की तुमची पोरगी पोरांचे हात धरून नाचते. पुढच्या शनिवारी बाबा हॉलच्या दारात उभे! माझा नाच आता बंद, हे मी धरूनच चालले.

बाबा बराच वेळ नुसते आमचे पाय पाहत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? ही उलटी चालून राहिली. मागचं हिले दिसत नाही. मग पडत काहून नाही?"

मिस हसल्या. "सामनेवाला देखता है ना उसके लिए! आइए, खुद करके देखिए."

बाबांनी चपला काढल्या, माझा हात धरला आणि "एक, दोन, तीन" पुटपुटत तीनदा माझा पाय तुडवला. चौथ्यांदा जमलं.

घरी येताना ते वाटभर पावलं मोजत होते. आई पोळ्या लाटत होती. बाबा थेट स्वयंपाकघरात गेले आणि हात पुढे करून म्हणाले, "ऊठ वं, एक गंमत दाखवतो. तू फक्त मागं चाल."

आईने पिठाचे हात पुसले, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, आधी समोरचं दार लावा."