वीस दिवसांचा खेळ

थोरला: फुंकर मारू नकोस! ठेव ती कॅसेट खाली.

धाकटा: अरे दादा, लहानपणी असंच तर करायचो आपण. कॅसेट काढायची, फू करायचं, परत घालायची. लगेच चालायची.

थोरला: चालायची ती काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीने तोंडातली ओल आत जाते आणि पितळेवर हिरवं चढतं. गिऱ्हाइकांना सांगून सांगून तोंड दुखलं माझं, आता सख्ख्या भावालाही सांगू?

धाकटा: बरं बाबा, नाही मारत. दुकानाचे मालक काका दिसत नाहीत ते?

थोरला: काकांना जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून दुकान मीच बघतो. तुम्हाला पत्र टाकलं होतं.

धाकटा: हो, हो. आलं होतं. माझ्या डोक्यातूनच गेलं.

थोरला: एवढ्या वर्षांनी उगवलास तो हा मोडका व्हिडिओ गेम बगलेत मारून. घरात दुसरं काही नव्हतं आणायला?

धाकटा: अण्णांनी जपून ठेवलाय तो. तू घर सोडलंस तेव्हा बंद पडला होता, तसाच आहे. फडक्यात गुंडाळलेला.

थोरला: मी घर सोडलं नाही. मला बापाने नेऊन सोडलं. आठवीतून नाव काढून, इथे, ह्याच दुकानात. "यंत्रं मोडायची एवढी हौस आहे ना, मग आता जोडायला शीक." अण्णांचे शब्द आहेत, पाठ आहेत मला.

धाकटा: तेच त्यांच्या मनाला लागून राहिलंय, दादा. अर्धं अंग गेलंय. जीभ जड झालीय, पण दिवसातून दहादा तुझं विचारतात. डॉक्टरांनी हात टेकलेत. म्हणून म्हटलं, हा गेम तुझ्याकडून सुरू करून घ्यावा, रविवारी तू यावंस, अण्णांच्या पलंगासमोर टीव्हीला लावावास. झालं गेलं सगळं विसरून.

थोरला: अण्णांनी हा जपून ठेवला? खरं सांगतोस?

धाकटा: खरंच.

थोरला: मला वाटलं होतं, दुसऱ्याच दिवशी भंगारात घातला असेल. आण इकडे. चालला किती दिवस होता रे हा आपल्याकडे?

धाकटा: वीस दिवस.

थोरला: वीसच. विसाव्या दिवशी शाळेतून आलो तर दिवा लागेना. म्हटलं, उघडून बघू. चार स्क्रू काढले आणि अण्णा दारात. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर उघडा पडलेला गेम. मग काय विचारतोस. आधीपासूनच बंद होता म्हणून मी घसा कोरडा केला. नंतर मलाच वाटायला लागलं, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल. लोक म्हणतात, तुमचा हात किती हलका. हलका कसला, भित्रा आहे तो. अजूनही कुठलं झाकण उघडताना वाटतं, आता हेही मी मोडणार.

धाकटा: जाऊ दे ना दादा. जुनं झालं ते.

थोरला: जाऊच देतोय. रविवारी किती वाजता येऊ?

धाकटा: येशील? अगदी नक्की?

थोरला: बाप आहे तो माझा. येईन. अण्णांनी तीस वर्षं हे डबडं सांभाळलं, म्हणजे मनात काहीतरी असणारच. दे तो अडॅप्टर. आता बघ, दिवा लागणार नाही, मग आपण मीटर लावून वीज कुठवर पोचते ते... अरेच्चा.

धाकटा: काय झालं?

थोरला: दिवा लागला.

धाकटा: लागला? वा! म्हणजे, पडून पडून आपोआप सुरू झाला असेल.

थोरला: आपोआप फक्त बिघडतं, बारक्या. तीस वर्षांच्या धंद्यात आपोआप दुरुस्त झालेलं एकही यंत्र मी पाहिलेलं नाही.

धाकटा: मला बाबा त्यातलं काही कळत नाही.

थोरला: टीव्हीला जोडलाय, कॅसेट घाल. घाल, घाल. बघ, टीव्हीवर नुसते पट्टे आलेत. जोर लावावा लागला का तुला?

धाकटा: नाही, सहज गेली.

थोरला: हेच. नव्या गेममध्ये कॅसेट बसवताना दोन्ही अंगठे लावावे लागतात. आतल्या पट्ट्या ताठ असतात, कॅसेटला घट्ट धरतात. इकडे ये, बॅटरी धरतो, आत बघ. पट्ट्या कशा आडव्या पडल्यात. आणि मुळाशी ते हिरवं दिसतंय?

धाकटा: जुना आहे ना. पडून राहिलाय.

थोरला: पडून राहिला तर धूळ बसते, पट्ट्या झिजत नाहीत. कॅसेट हजारो वेळा आतबाहेर झाल्याशिवाय असं होत नाही. वीस दिवसांत आपण किती खेळलो असू?

धाकटा: पुष्कळ खेळायचो आपण. सुट्टीच्या दिवशी तर...

थोरला: वीस दिवस, बारक्या. साळसूदपणे बोलू नकोस. उघडतो मी आता हा.

(थोरला चार स्क्रू काढून झाकण उचलतो. आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे.)

थोरला: वाचता येतं ना तुला? शिकलेला आहेस. वाच ही चिठ्ठी.

धाकटा: दादा...

थोरला: आमच्या धंद्यात पद्धत आहे. यंत्र दुरुस्त केलं की आतून एक चिठ्ठी चिकटवायची, तारीख आणि बिघाड. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. पुढचा कारागीर मी आहे. वाच.

धाकटा: तारीख आहे.

थोरला: कुठली?

धाकटा: तू गेल्यावर पाच आठवड्यांनी.

थोरला: आणि खाली?

धाकटा: "दुसराच अडॅप्टर लावल्याने आतला भाग जळाला. बदलला."

थोरला: दुसराच म्हणजे कुठला? घरात अडॅप्टर दोनच होते. एक ह्याचा, एक रेडिओचा. पिन सारखीच, पण आत वीज उलटी. कोणी लावला?

धाकटा: मी नऊ वर्षांचा होतो रे.

थोरला: कोणी लावला?

धाकटा: मी. तू शाळेत होतास. ह्याचा अडॅप्टर सापडेना, म्हणून रेडिओचा काढून लावला. बारीकसा वास आला आणि दिवा गेला. मी घाबरून बाहेर पळालो. परत आलो तर अण्णा तुला मारत होते.

थोरला: आणि तू मूग गिळून बसलास.

धाकटा: नऊ वर्षांच्या पोराला काय फाशी देणार आहेस?

थोरला: नऊ वर्षांच्या पोराला मी काहीच म्हणत नाही. माझ्यासमोर चाळिशीचा माणूस बसलाय, आणि तो आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, "तसाच आहे" म्हणाला. अण्णांना कधी कळलं?

धाकटा: तेव्हाच. गेम दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, मग त्यांनी मला विचारलं. मी रडत रडत कबूल केलं.

थोरला: मग?

धाकटा: मग काही नाही.

थोरला: काही नाही कसं? पाच आठवडे झाले होते फक्त. शाळेने परत घेतलं असतं मला. रोज संध्याकाळी ह्या पायरीवर बसून मी रस्त्याकडे बघायचो, अण्णा न्यायला येतील म्हणून. काका काही दुष्ट नव्हते, पण मला घरी जायचं होतं रे!

धाकटा: आई म्हणाली होती घेऊन या म्हणून. अण्णा म्हणाले, तिथे तो रुळलाय. आणि आता आणला तर पोरासमोर बापाला मान खाली घालावी लागेल.

थोरला: म्हणजे आईलाही माहीत होतं.

धाकटा: हो.

थोरला: मी चार दिवस घरी यायचो, तेव्हा हा कुठे असायचा?

धाकटा: कशाला उकरतोस?

थोरला: कुठे असायचा?

धाकटा: गोधड्यांच्या पेटीत. तुझं यायचं ठरलं की आईच म्हणायची, आवरा रे ते.

थोरला: त्या पेटीवर तर ती माझं अंथरूण घालायची.

धाकटा: दुसरी जागाच नव्हती झोपायला.

थोरला: एकदा मी भंगारातले भाग जोडून तुझ्यासाठी एक गेम करून आणला होता. सोळा वर्षांचा होतो. तुझा खेळ माझ्या हातून मोडला, भरपाई करावी म्हणून. आई तेव्हा ढसाढसा रडली. मला वाटलं, पोराचं कौतुक वाटून रडतेय.

धाकटा: मला काय मजा वाटायची वाटतं? तू गेलास आणि अण्णांचा सगळा राग माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. तो गेम तर मला नकोसा झाला होता. पण ते म्हणायचे, बस खेळायला, एवढा दुरुस्त करून आणलाय. मग बसायचो. रोज. तू निदान ह्या सगळ्यातून सुटलास.

थोरला: सुटलो. छान. तो चिमटा दे.

धाकटा: काय करतोयस?

थोरला: काम. पट्ट्या एकेक करून वर उचलायच्या, स्पिरिटने हिरवं पुसायचं. कॅसेटचे दात खोडरबराने घासायचे. अर्ध्या तासाचं काम आहे. तेव्हाचा बिघाडही एवढाच असणार. तीन पायांचा एक भाग काढायचा, दुसरा लावायचा. ह्याच्यासाठी माझी शाळा गेली.

धाकटा: माफ कर मला.

थोरला: तुला करीन कदाचित. कधीतरी. एक सांग, आणि आता तरी खरं सांग. हे सगळं मला कळावं असं अण्णांना वाटतं का? तुला पाठवताना काय म्हणाले ते?

धाकटा: दादा, आजारी माणूस आहे...

थोरला: काय म्हणाले?

धाकटा: म्हणाले, त्याला काही कळू देऊ नकोस. नुसता एकदा आणून भेटव.

थोरला: हं. धर. कॅसेट घाल आता, अंगठे लावून. बटण दाब.

धाकटा: लागला! दादा, चित्र आलं! अगदी तसंच आहे बघ, रंगसुद्धा तसेच.

थोरला: हलवून बघ. पट्टे येतात का?

धाकटा: नाही. एकदम स्वच्छ. दादा, कितीही रागव माझ्यावर, पण रविवारी ये. पाया पडतो तुझ्या. ते दाराकडे डोळे लावून बसलेत.

थोरला: फडकं कुठाय? नीट गुंडाळून ने. गाडीत हादरे बसतील.

धाकटा: मी काय सांगू त्यांना?

थोरला: त्यांना काही न कळलेला मुलगा भेटायला हवाय. तो सकाळपर्यंत होता, बारक्या.